आराकानची माणसे आणि गांबियाची फिर्याद



विहाराच्या वर्धापन दिनाची स्मरणिका काढायचे ठरले तेव्हा समितीची मंडळी म्हणाली, विहाराच्या स्थापनेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, तुम्ही रविवारच्या वाचनवर्गात मांडलेला विषयच लिहून द्या. आम्ही काही प्राध्यापक नाही. शाळा दहावीला सुटली. पुढचे शिक्षण रात्रपाळी संपल्यावर वाचनालयात आणि याच विहाराच्या सतरंजीवर बसून झाले. तेव्हा भाषेत काही उणे-अधिक राहिले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे. तारखा आणि आकडे मात्र आम्ही पुन्हा पुन्हा ताडून घेतले आहेत.

त्या रविवारी आम्ही गांबिया या आफ्रिकेतल्या चिमुकल्या देशाची गोष्ट सांगितली होती. सांगून झाल्यावर एक उपासक उभे राहिले आणि म्हणाले, "दादा, या गांबियानं खटला कुणावर भरला? बौद्ध देशावर. मग आपल्या विहारात त्याचं कौतुक कशाला?" वर्गात एकदम शांतता झाली. आम्ही तेव्हा काहीबाही उत्तर दिले, पण आमचेच समाधान झाले नाही. घरी गेलो तरी प्रश्न डोक्यातून जाईना. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे असे समजा.

आधी हकीकत सांगतो.

ब्रह्मदेशाच्या, म्हणजे आजच्या म्यानमारच्या, पश्चिम किनाऱ्यावर बांगलादेशाला लागून आराकान नावाचा मुलूख आहे. आता त्याला राखाईन प्रांत म्हणतात. तिथे बहुसंख्य वस्ती बौद्ध राखाईन लोकांची, आणि उत्तरेकडच्या भागात रोहिंग्या मुसलमानांची. पिढ्यान् पिढ्या ते तिथे शेती आणि मासेमारी करत आले.

१९८२ साल म्हटले की आम्हा गिरणगावच्या माणसांना संप आठवतो. आमचे वडील संपात होते, आम्ही शाळकरी पोर होतो. त्याच १९८२ साली ब्रह्मदेशात नागरिकत्वाचा नवा कायदा झाला. देशाच्या 'मूळ' म्हणून ज्या जमाती सरकारने मानल्या त्यांची संख्या १३५. त्या यादीत रोहिंग्या नाहीत. सरकार त्यांना रोहिंग्या म्हणायलाच तयार नाही, 'बंगाली' म्हणते. २०१४ च्या जनगणनेतही त्यांना स्वतःच्या नावाने नोंद करू दिली नाही.

आम्ही गिरणीत बदली म्हणून लागलो होतो. रोज दारावर उभे राहायचे, कुणी गैरहजर असेल तर आत जायचे. मस्टरवर कायम नाव नाही म्हणजे काय, हे बदलीवाल्याला सांगावे लागत नाही. साच्यात बोट गेले तरी 'हा आमचा माणूसच नाही' म्हणायला वरचे मोकळे. रोहिंग्यांचे तसे झाले. आम्ही एका खात्यातून दुसऱ्या खात्यात, एका गिरणीतून दुसऱ्या गिरणीत जात होतो. त्यांचे नाव एका अख्ख्या देशाच्या मस्टरवर नव्हते. ज्याचे नाव कुठेच नाही, त्याला मारल्याची नोंद तरी कोण करणार?

१९७८ साली सुमारे दोन लाख, १९९१-९२ मध्ये सुमारे अडीच लाख रोहिंग्या बांगलादेशात पळून गेले होते. २०१२ साली दंगली झाल्या, एक लाखाहून जास्त लोक सितवे शहराजवळच्या छावण्यांत कोंडले गेले. मग २५ ऑगस्ट २०१७ चा दिवस उजाडला. 'अरसा' नावाच्या रोहिंग्यांच्या सशस्त्र गटाने तीसेक पोलीस चौक्यांवर आणि एका लष्करी तळावर हल्ला केला. सुरक्षा दलाची माणसे मारली गेली. याच गटाच्या लोकांनी हिंदू गावकऱ्यांचीही कत्तल केली, असे अॅम्नेस्टीच्या तपासात पुढे आले. हे लपवायचे कारण नाही. पण त्याचा बदला लष्कराने कुणावर घेतला? चौकीवर हल्ला करणाऱ्यांपुरता नाही, तर गावेच्या गावे जाळून. उपग्रहाच्या छायाचित्रांवरून ३९२ गावे पूर्ण किंवा अर्धी जळालेली दिसली. बायाबापड्यांवर सामूहिक अत्याचार झाले. 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' या वैद्यकीय संघटनेच्या अंदाजाप्रमाणे पहिल्या एका महिन्यात निदान ६,७०० माणसे हिंसेत मेली. काही महिन्यांत सात लाखांहून अधिक लोक नाफ नदी आणि डोंगर ओलांडून बांगलादेशात कॉक्स बाजारला पोहोचले.

जगाने काय केले? निषेधाची पत्रके निघाली. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीत चीन आणि रशिया म्यानमारच्या पाठीशी, त्यामुळे तिथे काही हलेना. मोठ्या देशांना तिथला व्यापार, वायू आणि बंदरे दिसत होती.

आता गांबियाकडे येऊ.

गांबिया हा पश्चिम आफ्रिकेत एका नदीच्या दोन्ही काठांवर चिंचोळा पसरलेला देश. तीन बाजूंनी सेनेगल, चौथ्या बाजूला समुद्र. क्षेत्रफळ सुमारे ११ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सोलापूर जिल्ह्याएवढेही नाही. लोकसंख्या २५ लाखांच्या आसपास. मुख्य पीक भुईमूग. १९६५ साली इंग्रजांपासून स्वतंत्र झाला. याच नदीच्या मुखाजवळच्या बेटावरून माणसांना साखळदंडात बांधून अमेरिकेला विकायला नेत असत. अॅलेक्स हेली या काळ्या लेखकाच्या 'रूट्स' या १९७६ च्या ग्रंथातला कुंटा किंटे याच गांबियाच्या जुफुरे गावचा. त्या बेटाला आज कुंटा किंटेचेच नाव आहे. तेव्हा माणसाला वस्तू करून टाकणे म्हणजे काय, हे त्या मातीला दुसऱ्याकडून शिकावे लागत नाही.

अलीकडचा इतिहासही रक्ताचाच. १९९४ साली याह्या जामेह या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता बळकावली आणि २२ वर्षे हुकूमशाही चालवली. माणसे गायब होत, कोठडीत छळ होई. डिसेंबर २०१६ च्या निवडणुकीत तो हरला, तरी खुर्ची सोडेना. शेजारच्या देशांची फौज सीमेवरून आत आली तेव्हा जानेवारी २०१७ मध्ये तो देश सोडून गेला आणि अडामा बॅरो यांचे सरकार कामाला लागले. या सरकारने सत्य आणि सलोखा आयोग नेमला. २०१९ च्या जानेवारीपासून त्याच्यापुढे उघड साक्षी सुरू झाल्या. मारणारे स्वतः येऊन, आम्ही कुणाला कसे मारले, ते सगळ्या देशासमोर सांगू लागले. म्हणजे दुसऱ्याच्या घरातली घाण दाखवण्याआधी या लोकांनी आपल्या घरात झाडू मारायला घेतला होता. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते.

या सरकारचे तेव्हाचे न्यायमंत्री अबुबकर तांबादू. व्यवसायाने वकील. १९९४ साली रवांडा देशात शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली. त्याच्या चौकशीसाठी टांझानियातल्या अरुशा गावी जे आंतरराष्ट्रीय न्यायालय बसले, तिथे तांबादू यांनी सरकार पक्षाच्या बाजूने कित्येक वर्षे काम केले होते. मे २०१८ मध्ये ढाक्याला इस्लामी सहकार्य संघटनेची परिषद होती. परराष्ट्रमंत्र्यांना जाता येईना, म्हणून हे गेले. तिथून कॉक्स बाजारच्या छावणीत गेले आणि लोकांच्या तोंडून हकीकती ऐकल्या. पुढे त्यांनी अनेकदा सांगितले की ते ऐकताना त्यांना रवांडाच आठवला. रवांडात जग उशिरा जागे झाले, इथे तसे होऊ द्यायचे नाही, असे त्यांच्या मनाने घेतले.

बघा योग कसा असतो. ज्या माणसाचे त्या परिषदेला जायचे ठरलेच नव्हते, तो गेला. पण नुसत्या योगावर खटला उभा राहत नाही, त्याला कायद्याचा पाया लागतो. तो पाया आमच्यासारख्या कामगारालाही समजेल असा सांगतो.

दुसऱ्या महायुद्धात हिटलरने ज्यूंचा संहार केला. त्यानंतर ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने वंशसंहाराविरुद्धचा करार मंजूर केला. एखादा वंश, धर्म किंवा जमात पूर्णपणे किंवा अंशतः संपवण्याच्या हेतूने केलेली कृत्ये म्हणजे वंशसंहार. सह्या करणाऱ्या प्रत्येक देशाने हा गुन्हा रोखायचा आणि गुन्हेगाराला शिक्षा करायची, अशी त्यात अट आहे. अभिमानाची गोष्ट अशी की १९४६ साली हा विषय आमसभेपुढे आणणाऱ्या तीन देशांत क्युबा आणि पनामाबरोबर भारतही होता. करारातले नववे कलम सांगते की, या कराराबद्दल दोन देशांत तंटा झाला तर हेग शहरातल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाता येईल. भारताने १९५९ साली करार पक्का करताना या नवव्या कलमाला अट घातली की, आमच्याबाबत सगळ्या पक्षांची संमती असल्याशिवाय कोर्टात जाता येणार नाही. बांगलादेशाचीही तशीच अट. म्हणजे ज्याच्या अंगणात सात लाख माणसे येऊन पडली, त्यालाच दावा लावायला अडचण. ब्रह्मदेशाने १९५६ साली करार स्वीकारला, पण नवव्या कलमाला अट घातली नाही. गांबियाने १९७८ साली स्वीकारला, त्यानेही नाही. कोर्टाचे दार या दोघांमध्ये उघडे होते. ते ढकलायला कुणीतरी हवे होते.

११ नोव्हेंबर २०१९ रोजी गांबियाने हेगला अर्ज दाखल केला. त्या वर्षी ६ डिसेंबरला आम्ही नेहमीप्रमाणे चैत्यभूमीवर जाऊन आलो. चार दिवसांनी, १० डिसेंबरला, म्हणजे मानवी हक्क दिनीच, सुनावणी सुरू झाली. म्यानमारच्या बाजूने कोण उभे राहावे? १९९१ चा शांततेचा नोबेल मिळालेल्या आंग सान स्यू की. लष्कराच्या कैदेत वर्षानुवर्षे काढलेली बाई त्याच लष्कराच्या बचावाला आली. गांबियाने मांडलेले चित्र अर्धवट आणि दिशाभूल करणारे आहे, काही ठिकाणी जास्त बळ वापरले गेले असेल, पण वंशसंहाराचा हेतू नव्हता, असे त्यांनी सांगितले. त्या गटाच्या नावापुरता सोडला तर 'रोहिंग्या' हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही.

२३ जानेवारी २०२० रोजी कोर्टाने अंतरिम हुकूम दिला, आणि तो एकमताने. रोहिंग्यांविरुद्ध वंशसंहाराची कृत्ये होऊ देऊ नका, लष्कराला आवरा, पुरावे नष्ट करू नका, चार महिन्यांत आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी अहवाल द्या. त्या न्यायाधीशांत आपले दलवीर भंडारीही होते, जे पूर्वी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. हुकुमात कोर्टाने त्या लोकांना त्यांच्याच नावाने 'रोहिंग्या' म्हटले. ज्या समाजाने विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षे लाठ्या खाल्ल्या, त्याला नावाची किंमत समजावून सांगायला नको.

पुढे म्यानमारने हरकती घेतल्या. गांबियाचे काय नुकसान झाले? तो हजारो मैल लांब, त्याचा एकही माणूस मेला नाही. शिवाय तो इस्लामी संघटनेचा पुढे केलेला प्यादा आहे. आमच्या गिरणीतही हेच ऐकले आहे : तुझ्या खात्याचा माणूस नाही, मग तू कशाला मध्ये पडतोस? २२ जुलै २०२२ रोजी कोर्टाने या हरकती फेटाळल्या. गांबियाच्या दाव्याच्या अधिकाराबाबत १५ न्यायाधीश एका बाजूला, चीनच्या एकट्या न्यायाधीश विरुद्ध. कोर्टाचे म्हणणे थोडक्यात असे की, वंशसंहार थांबवण्यात करारावर सही करणाऱ्या प्रत्येक देशाचे हित आहे. ज्याला लागले त्यानेच ओरडावे असा नियम नाही. पाठिंबा कुणाचाही असो, दावा गांबियाचा स्वतःचाच आहे. आमच्या मते या खटल्यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये गाझातल्या लोकांसाठी दक्षिण आफ्रिका इस्रायलविरुद्ध हेगला गेली, ती याच वाटेने.

आता त्या उपासकांच्या प्रश्नाकडे वळतो.

कुणी म्हणेल, गांबिया मुसलमान देश, म्हणून मुसलमानांसाठी धावला. हे अगदीच खोटे नाही. गांबियाची बहुसंख्य प्रजा मुसलमान आहे आणि इस्लामी संघटनेने त्याला पाठबळ दिले. पण त्या संघटनेचे ५७ सभासद. त्यांत तेलाच्या विहिरींवर बसलेले किती! अर्जावर सही मात्र भुईमूग पिकवणाऱ्याची झाली. आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये मालदीवसारखा इवलासा देश, तसेच कॅनडा, डेन्मार्क, फ्रान्स, जर्मनी, नेदरलँड आणि ब्रिटन हे या खटल्यात आपले म्हणणे मांडायला पुढे आले. ते सगळे काही मुसलमान नाहीत.

आपली परीक्षा गांबियापेक्षा कठीण आहे. मेलेले आपले नाहीत आणि आरोपी मात्र आपल्या धम्माचे नाव सांगतात. विराथू नावाचा चीवरधारी भिक्खू मुसलमानांविरुद्ध विष पेरत होता, हे जगाने पाहिले. तिथल्याच वरिष्ठ भिक्खूसंघाने मार्च २०१७ मध्ये त्याला वर्षभर प्रवचनाची बंदी केली, हेही विसरू नये. म्हणजे धम्म तिथेही मेलेला नव्हता.

याचा आणखी मोठा पुरावा इन दिन गावात मिळतो. २ सप्टेंबर २०१७ रोजी त्या गावात दहा रोहिंग्या पुरुषांना ठार मारून एकाच खड्ड्यात पुरले. हे उघडकीस आणले रॉयटर्सच्या वा लोन आणि क्याव सो ऊ या दोन पत्रकारांनी. दोघेही बौद्ध घरातले. त्यांना फोटो दिले गावच्याच एका बौद्ध वडीलधाऱ्याने, असे पुन्हा घडू नये म्हणून. हत्येत हात असलेल्या बौद्ध गावकऱ्यांनीही त्यांच्याजवळ कबुली दिली. पत्रकारांना सात वर्षांची शिक्षा झाली, आणि पाचशेहून अधिक दिवस तुरुंगात काढून ते मे २०१९ मध्ये सुटले. त्या हत्येबद्दल शिक्षा झालेले सात सैनिक मात्र वर्षाच्या आत बाहेर आले होते. आता सांगा, बौद्ध कुणाला म्हणायचे? बंदूकवाल्यांना, की तुरुंगात गेलेल्या त्या दोन पोरांना आणि त्या म्हाताऱ्याला? पंचशीलातले पहिले शील आपण रोज तोंडाने घेतो. त्यात 'फक्त आपल्या माणसांची हिंसा' असे कुठे म्हटले आहे?

आणखी एक गोष्ट. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला परमपूज्य बाबासाहेबांना धम्मदीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर कुशीनगरहून आले होते, हे आपण सारे जाणतो. पण ते मूळचे कुठले? त्यांचा जन्म १८७६ साली ब्रह्मदेशातल्या आराकानात, अक्याब गावी झाला. त्या अक्याबलाच आज सितवे म्हणतात. होय, ज्याच्याजवळच्या छावण्यांत रोहिंग्यांना कोंडले तेच सितवे. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ गप्प बसलो. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब प्रकृती ठीक नसतानाही रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. ज्या भूमीतून आपल्याकडे धम्माचा हात आला, त्या भूमीत माणूस जाळला जात असेल तर आपण इतरांपेक्षा आधी बोलायला हवे. आपण गप्प बसलो तर त्या हाताशी बेइमानी होईल.

खटल्याने काय मिळाले, असेही विचारतात. खरे सांगायचे तर छावणीतल्या माणसाचे पोट हुकुमाच्या कागदाने भरले नाही. १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्कराने बंड केले आणि ज्या बाईने त्यांचा बचाव केला तिलाच तुरुंगात टाकले. राखाईनमध्ये पुन्हा युद्ध पेटले, रोहिंग्या पुन्हा मधल्या मध्ये भरडले गेले. बांगलादेशात त्यांची संख्या दहा लाखांवर गेली. मुख्य सुनावणी हेगला उभी राहायला जानेवारी २०२६ उजाडावा लागला. पण चवदार तळ्याचे पाणी १९२७ साली आपण ओंजळीत घेतले, आणि त्यावरच्या हक्काचा उच्च न्यायालयाचा निकाल १७ मार्च १९३७ ला लागला. मध्ये दहा वर्षे गेली. बाबासाहेबांनी ना रस्ता सोडला ना कोर्ट. दुबळ्याच्या हातात कायदा हे हळू चालणारे हत्यार आहे, पण ते बलवानाला नाव-गाव विचारते, पुरावा जपून ठेवते आणि मेलेल्याचे नाव शेवटी मस्टरवर चढवते.

त्या दिवशी उभे राहिलेल्या उपासकांना आमचे एवढेच सांगणे आहे : दादा, खटला बौद्ध धम्मावर नव्हता. तो हिंसेवर होता. धम्माच्या बाजूने त्या दिवशी हेगला कोण उभे होते, हे तुम्हीच ठरवा. येत्या वैशाख पौर्णिमेला आपण चंद्रमणी महास्थविरांच्या तसबिरीला हार घालू तेव्हा आराकानच्या त्या माणसांसाठीही, बौद्ध, मुसलमान, हिंदू सगळ्यांसाठी, दोन मिनिटे स्तब्ध उभे राहू या, अशी विहार समितीला आमची नम्र सूचना आहे.

नमो बुद्धाय. जयभीम.